नळीची दृष्टी आणि गोळीची वाट

बंदुकीचा परवाना हा आपल्या देशात शस्त्राइतकाच राज्यकर्त्यांच्या संशयाचाही दस्तऐवज राहिलेला आहे. सत्तावनच्या उठावाचा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ साली, लॉर्ड लिटन यांच्या अमदानीत, जो शस्त्रकायदा केला त्याचा सारा रोख हत्यार कोणाच्या घरात आहे आणि त्या घराची राजनिष्ठा कितपत भरवशाची आहे एवढ्याच प्रश्नांवर होता; आणि त्या कायद्याचा सल लोकांच्या मनात किती खोल गेला होता याचा पुरावा हवा असेल, तर अहिंसेचे व्रत घेतलेल्या गांधीजींनी १९३० च्या जानेवारीत ज्या अकरा मागण्या मांडल्या त्यांत, मिठावरील कर रद्द करण्याच्या जोडीला, आत्मरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत हीही एक मागणी होती, हे स्मरावे. पुढे स्वराज्य आले, १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, २०१६ साली नियमांची नवी संहिता झाली, २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीपाशी तीनऐवजी दोनच शस्त्रे असावीत असे ठरले. परंतु कचेरीच्या दप्तराची दृष्टी जी एकदा ठरली ती ठरलीच. शस्त्राचा क्रमांक, त्याचा बोअर, काडतुसांची मर्यादा, मालकाची चालचलणूक, परवान्याची मुदत, या सर्वांची बारकाईने रुजवात घेतली जाते. ते शस्त्र नेम धरावा तेथे मारते की हातभर बाजूला, हे विचारणारा रकाना मात्र परवान्याच्या पुस्तिकेत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन देणारे एक चिमुकले यंत्र अलीकडे बाजारात सहज मिळू लागले आहे. लेझर बोअरसाइटर हे त्याचे नाव. एक प्रकार पितळेचा, काडतुसाच्याच आकाराचा आणि काडतुसाच्याच जागी बसणारा. दुसरा दांडीने नळीच्या तोंडात खोचावयाचा. आणि आणखी एक लोहचुंबकाने नळीच्या तोंडाला चिकटणारा. यंत्र चालू केले की नळीच्या अक्षाच्या दिशेने तांबडा किंवा हिरवा किरण निघतो, समोरच्या भिंतीवर ठिपका उमटतो, आणि मागची खाच व पुढची माशी त्या ठिपक्याशी जुळवून घेतली की हत्यार ‘झिरो’ झाले, असे समजून माणूस समाधानाने ते पेटीत ठेवून देतो. एकही काडतूस खर्ची पडत नाही, आवाज होत नाही, शेजारी दचकत नाहीत. इतक्या स्वस्तात मिळालेले समाधान तपासून पाहण्याची बुद्धी सहसा कोणाला होत नाही, आणि ते तपासून पाहावे एवढ्याचसाठी हा लेख आहे.

सणसरसारख्या गावातून हा विषय का निघावा, असे कोणी विचारील. इंदापूर तालुक्यातील हे गाव, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने सारा शिवार उसाने भरलेला, लागूनच भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. भूमी सपाट, आणि हीच गोष्ट प्रस्तुत विषयात सर्वांत महत्त्वाची आहे. डोंगरी मुलखात चुकलेली गोळी पुढच्या टेकाडात रुतते; येथे तिला अडविणारे काही नाही. पुरुषभर उंचीच्या उसाच्या फडात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. गळिताच्या हंगामात त्याच फडांच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडलेल्या असतात, त्यांची लेकरे बांधावर खेळत असतात, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत बैलगाड्या व ट्रॅक्टर कारखान्याच्या वाटेला लागलेले असतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी येथे मुक्कामाला असते आणि दुसऱ्या दिवशी बेलवाडीच्या रिंगणाकडे निघते, त्या दिवसांत तर या रस्त्यावर पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. मुलांच्या सरावासाठी वापरतात ती .२२ ची इवलीशी गोळीसुद्धा योग्य कोनात सुटली तर सव्वा-दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते; मोठ्या रायफलच्या गोळीची मजल याहून कितीतरी लांब. अशा मुलखात हत्याराचा नेम दोन बोटे चुकणे ही केवळ मालकाच्या कौशल्याची बाब राहत नाही.

आणि हत्यारे या मुलखात आहेतच. पतसंस्थेच्या किंवा बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक मांडीवर घेऊन बसलेला माजी सैनिक सर्वांच्या परिचयाचा आहे. पिढीजात परवान्याची बंदूक बाळगणारी घराणी आहेत. आत्मरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घेतलेले बागायतदार आणि ठेकेदार आहेत. आणि कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचीही तरतूद ठेवलेली आहे, जरी वनखात्याच्या अनुमतीवाचून रानडुकरावर बार काढता येत नाही ही गोष्ट तिच्या मालकाने विसरून चालत नाही. ही हत्यारे बहुधा वर्षानुवर्षे वाजत नाहीत. ती पेटीत पडून राहतात, पावसाळ्यात लाकडी दस्ता दमट होऊन फुगतो व उन्हाळ्यात आकसतो, मळसूत्रे सैल होतात. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ज्यांना हुकूम होईल त्यांनी ती ठाण्यात नेऊन जमा करावयाची, पावती घ्यावयाची आणि निकालानंतर परत आणावयाची. २०२४ या एका वर्षात आपल्याकडे लोकसभेची आणि विधानसभेची अशा दोन निवडणुका झाल्या. ज्यांच्या बंदुका दोन्ही वेळा जमा झाल्या त्यांच्या हत्यारांनी दोनदा मोटारीचा प्रवास केला आणि दोनदा अनेक हत्यारांच्या गर्दीत भिंतीला टेकून दिवस काढले. त्या गर्दीत एखाद्याची माशी आपटून वाकली असेल किंवा मागची खाच केसभर सरकली असेल, तर ते त्याला केव्हा आणि कसे कळणार? पावतीवर क्रमांक बरोबर असतो, आणि पावतीचे काम तेथे संपते.

नळीतून पाहून नेम जुळविण्याची युक्ती स्वतः नवीन नाही. लेझरचा शोध थिओडोर मेमन याने १९६० च्या मे महिन्यात प्रत्यक्षात उतरविला, त्याच्या कितीतरी आधीपासून रायफलवाले बोल्ट काढून, रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर टेकवून, मागच्या बाजूने नळीतून आरपार पाहत आणि दूरचे लक्ष्य नळीच्या वर्तुळात मधोमध दिसू लागले की रायफल न हलविता खाच व माशी त्याच लक्ष्यावर आणीत. लेझरने फरक एवढाच केला की डोळ्याचे काम किरणाने घेतले, आणि ज्या हत्यारांत मागून आरपार पाहता येत नाही त्यांतही ही सोय झाली. दुर्बीण नव्याने बसविलेली रायफल पहिल्याच गोळीला कागदाबाहेर जाऊ नये, चार-सहा काडतुसे नुसती शोधाशोधीत वाया जाऊ नयेत, यासाठी हे यंत्र खरोखर उपयोगी आहे आणि जगभरचे जाणते बंदूकवाले ते त्याच मर्यादेत वापरतात. ही मर्यादा मात्र यंत्राच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत छापलेली नसते.

यंत्राविरुद्ध नेहमी दिला जाणारा पुरावा गुरुत्वाकर्षणाचा आहे. किरण सरळ जातो आणि गोळी खाली पडते, म्हणून दोहोंचा मेळ बसणार नाही, असे सांगतात. हे खरे असले तरी आमच्या मते गुरुत्वाकर्षण हा या साऱ्या व्यवहारातील सर्वांत प्रामाणिक घटक आहे, कारण त्याचा हिशेब आधी मांडता येतो. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी १०० मीटर अंतर कापेपर्यंत नळीच्या रेषेखाली आठ-नऊ सेंटिमीटर उतरते, आणि २५ मीटरवर ही उतरण अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास भरते. दुर्बीण नळीच्या वर चार सेंटिमीटरवर असेल आणि २५ मीटरवरच्या ठिपक्याशी ती जुळविली असेल, तर १०० मीटरवर गोळी तीन-चार सेंटिमीटर उंच लागावी, असे कागदावर मांडून दाखविता येते. ज्याचे गणित मांडता येते त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. खरा घात दुसरीकडे होतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे.

पहिली गोष्ट, यंत्राचा किरण त्याच्या स्वतःच्या पितळी आवरणाच्या मध्यरेषेतून निघतो की नाही हेच अनेकदा संशयास्पद असते. ही परीक्षा कोणालाही घरी करता येईल: हत्यार स्थिर टेकवावे, यंत्र त्याच्या जागी हळूहळू फिरवावे आणि भिंतीवरचा ठिपका पाहावा; तो एका जागी राहिला तर यंत्र विश्वासास पात्र, आणि तो वर्तुळ काढू लागला तर त्या वर्तुळाचा मध्य हीच काय ती नळीची खरी दिशा. २५ मीटरवर दोन सेंटिमीटरची चूक १०० मीटरवर आठ सेंटिमीटरची होते. शिवाय भर उन्हात ठिपका दिसत नाही म्हणून हे काम सांजावताना करावे लागते, आणि स्वस्त यंत्राचा ठिपकाच इतका लांबट व पसरट असतो की त्याच्या कोणत्या टोकाशी माशी जुळवावी हा पंचाईतीचा विषय होतो. दुसरी गोष्ट याहून गहन आहे. लेझर जी नळी पाहतो ती निश्चल नळी आहे. गोळी जिच्यातून जाते ती नळी त्या क्षणी निश्चल नसते. दारू पेटली की नळीतून कंप धावतो, धक्क्याने हत्यार मागे व वर सरकू लागते आणि गोळी तोंडातून बाहेर पडण्यापूर्वीच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून एकाच रायफलमधून दोन निरनिराळ्या बनावटीची काडतुसे झाडली तर दोहोंचे गट कागदावर दोन ठिकाणी पडतात. मूक किरणाला ही गोष्ट कळण्याचा मार्गच नाही.

ज्यांनी आपल्या रानात लेझर लेव्हलर फिरविलेला आहे त्यांना हे अधिक सोपे करून सांगता येईल. तिपाईवरचा किरण साऱ्या शेतावर एक अदृश्य पातळी पसरतो आणि लोखंडी फळी त्या पातळीबरहुकूम माती कापत जाते. पण पहिले पाणी सोडल्यावर कोणत्या कोपऱ्यात ते थांबते आणि कोणत्या सरीत पोहोचतच नाही हे पाहिल्यावाचून शहाणा शेतकरी रान सपाट झाले असे म्हणत नाही.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर हे यंत्र माणसाला उलट्या वाटेला लावू शकते, आणि याकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. हातात धरलेले हलके हत्यार गोळी बाहेर पडण्यापूर्वीच तोंड वर उचलू लागते. कारागिराला हे ठाऊक असल्याने तो माशी मुद्दाम उंच ठेवतो, म्हणजे नेम धरलेल्या अवस्थेत नळी लक्ष्याच्या किंचित खाली रोखलेली असते व उचल होता होता गोळी बरोबर जागी जाते. आता अशा रिव्हॉल्व्हरमध्ये लेझर बसवून पाहिले तर ठिपका नेमाच्या खाली दिसणारच. तो दोष आहे असे समजून कोणी कानस घेऊन माशी घासू लागला तर काय होईल? माशी आखूड झाली की नेम धरताना नळीचे तोंड अधिक वर येते, ठिपका नेमाशी जुळतो, आणि गोळ्या मात्र कायमच्या उंच जाऊ लागतात. कारखान्यातून बरोबर आलेले हत्यार घरच्या शहाणपणाने बिघडविण्याचा याहून सोपा उपाय नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या .३२ च्या रिव्हॉल्व्हरसारख्या हत्यारांना तर सरकविण्याजोगी खाचच नसते; त्यांच्या मालकाला या यंत्राचा उपयोग कुतूहलापलीकडे काही नाही. बारा बोअरच्या बंदुकीविषयी एक वाक्य पुरे: छऱ्यांचे हत्यार खांद्याला नीट बसते की नाही आणि पस्तीस-चाळीस पावलांवरच्या मोठ्या कागदावर छरे कसे पसरतात एवढेच पाहावयाचे असते, आणि ते पाहण्यास बार काढावाच लागतो.

ज्यांनी महाविद्यालयात असताना एनसीसीचा गणवेश घातला असेल त्यांना जमिनीवर पालथे पडून .२२ च्या रायफलने झाडलेल्या पाच गोळ्या आठवत असतील. उस्ताद गोळ्या कोठे लागल्या हे नंतर पाहतो. त्या एकमेकींच्या किती जवळ आहेत हे आधी पाहतो. पाचही गोळ्या एका रुपयाखाली झाकल्या जाव्यात अशा एकत्र, पण मधल्या काळ्यापासून दूर असतील, तर माणूस चांगला आणि रायफलची खाच चुकलेली. पाच गोळ्या पाच दिशांना असतील तर रायफलला दोष देण्याचा अधिकार त्या माणसाला नाही. श्वास, चापावरचे बोट, खांद्याची पकड यांतले काहीतरी बिघडलेले आहे, आणि ते लेझरने सुधारत नाही. हा भेद केवळ गोळी झाडूनच कळतो. ज्या परवानाधारकाने पाच वर्षांत पाच गोळ्या झाडलेल्या नाहीत त्याने लेझरच्या ठिपक्याशी माशी जुळविणे म्हणजे आजार कोणाला आहे हे न पाहताच औषध पाजणे होय.

या विद्येतला आपल्याकडचा सर्वांत उंच आदर्श कोल्हापूर जिल्ह्याने दिलेला आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी जेथे झाली त्या शातोरू येथे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या सुपुत्राचे हे पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि रायफलला दुर्बीण लावण्याची मुभा नसते. पण येथे सांगावयाची गोष्ट वेगळी आहे. आयुष्य ज्या रायफलबरोबर गेले, जिचा प्रत्येक स्क्रू पाठ आहे, त्या रायफलवरही हे खेळाडू स्पर्धेच्या दिवशी आंधळा विश्वास ठेवीत नाहीत. गुणांच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी तयारीचा वेळ मिळतो त्यात ‘साइटर’ म्हणजे चाचणीच्या गोळ्या झाडून, त्या दिवसाचा वारा व उजेड पाहून, खाचेचे खटके फिरवून घेतात आणि गुडघ्यावर बसून, पालथे, उभे अशी स्थिती बदलली की पुन्हा तेच करतात. याच जिल्ह्याच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले तेव्हा एका मिलिमीटरचा हिशेब काय असतो हे आपल्याला कळले होते. जागतिक दर्जाचे नेमबाज रोज कागदाला विचारतात, आणि आपला परवानाधारक वर्षातून एकदा ठिपक्याला विचारून निर्धास्त होतो, ही तुलना सुखावह नाही.

आणखी एका हत्याराचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण त्याच्याशी सर्वसामान्य शेतकऱ्याचा संबंध वाढत चालला आहे. जुन्नरच्या बाजूला उसात बिबट्या नांदू लागल्याला बराच काळ लोटला, माणिकडोहचे निवारा केंद्र त्यासाठीच उभे राहिले. आता बारामती-इंदापूरच्या उसातूनही त्याच्या वावराच्या वार्ता येतात. त्याला बेशुद्ध करण्यासाठी वनखाते जी बंदूक वापरते तिच्यातून गोळीऐवजी औषधाची सुई जाते, आणि ती जड व मंद असते. सेकंदाला ८० मीटर वेगाने निघालेली सुई ३० मीटरवर पोहोचेपर्यंत साठ-सत्तर सेंटिमीटर खाली येते. म्हणजे नळीच्या रेषेत बिबट्याची पाठ असेल तर सुई त्याच्या पोटाखालून जमिनीत जाईल. गॅसचा दाब जरा बदलला की हा आकडा बदलतो. येथे सरळ किरणाचे साहाय्य घेणे जवळजवळ निरुपयोगी; पाण्याने भरलेल्या सुया निरनिराळ्या अंतरांवरून फळीवर मारून प्रत्येक अंतराची नोंद वहीत ठेवणे हाच मार्ग, आणि गावकऱ्यांचा गराडा पडलेला असताना तो शिकता येत नाही.

आमच्या म्हणण्याविरुद्ध एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली, त्यांची किंमत चढती, आणि गोळी झाडून पाहावी म्हटले तर झाडावी कोठे? आपल्या शेतात बार काढावा तर वर वर्णिलेला सपाट शिवार आडवा येतो. २०१९ च्या दुरुस्तीने निष्काळजीपणाने किंवा आनंदाच्या भरात केलेल्या, इतरांच्या जिवाला धोका पोहोचविणाऱ्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही ठरविले आहेत, आणि ते योग्यच आहे. वरातीत बार उडविणाऱ्यांविषयी आम्हांला काडीचीही सहानुभूती नाही. पण मग सरळमार्गी परवानाधारकाने काय करावे? घरातल्या घरात, मुकाट्याने, ठिपक्यावर समाधान मानावे, याच दिशेला त्याला सारी परिस्थिती ढकलते. तेव्हा लेझरच्या अपुरेपणाचा दोष सर्वस्वी त्या बिचाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

चमत्कार असा की आपला पुणे जिल्हा शस्त्रविद्येच्या बाबतीत दरिद्री नाही. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पाषाणच्या संशोधन संस्थेत भारतीय लष्कराच्या इन्सास रायफलीची घडण झाली. म्हाळुंगे-बालेवाडीला खेळाडूंसाठी उत्तम रेंज आहे. आणि आपल्या शेजारी दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे ५ व ७ क्रमांकाचे गट आहेत. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि त्या अभ्यासात नेम व गोळीबाराची पद्धतही घातली, ही सुधारणा स्तुत्य होती. परंतु माणसाची परीक्षा एकदा घेऊन हत्याराची परीक्षा कधीच न घेणे हे तिचे अर्धवट राहिलेले अंग आहे. आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी पोलीस अधीक्षकांशी आणि राखीव दलाशी विचारविनिमय करून बारामती, इंदापूर व दौंड तालुक्यांतील परवानाधारकांसाठी वर्षातून ठराविक दिवशी एखाद्या सरकारी गोळीबार मैदानावर, उस्तादाच्या देखरेखीखाली, शुल्क घेऊन पाच-पाच गोळ्या झाडण्याची सोय करावी. त्यासाठी लागणारी काडतुसे परवान्यावरील मर्यादेत मोजू नयेत. नूतनीकरणाच्या अर्जासोबत त्या चाचणीचा कागद उस्तादाच्या सहीनिशी जोडावा. आणि ज्या वर्षी निवडणुकीसाठी हत्यारे जमा झाली त्या वर्षी ती परत मिळाल्यापासून तीन महिन्यांत ही चाचणी व्हावी. ज्याचे हत्यार निकामी ठरेल त्याला दुरुस्तीस मुदत द्यावी, आणि ज्याच्या गोळ्या पाच दिशांना गेल्या त्याला पुन्हा शिकण्यास सांगावे. कोणाचा परवाना काढून घेण्यासाठी ही योजना वापरली जाणार नाही असे त्या हुकमात स्पष्ट लिहिलेले असावे, नाहीतर लिटनसाहेबांच्या जमान्यातला जुना संशय पुन्हा उलटून येईल आणि लोक चाचणीला फिरकणार नाहीत.

तोवर ज्यांनी लेझर बोअरसाइटर विकत घेतलेच आहे त्यांना एवढीच विनंती. यंत्र हाती घेण्यापूर्वी हत्यार रिकामे आहे याची डोळ्याने आणि बोटाने, अशी दोनदा खात्री करावी. घरातील मुलांच्या डोळ्यांवर किरण जाऊ देऊ नये. तोंडात खोचावयाच्या यंत्राने काम झाले की ते काढून पेटीत ठेवलेले दुसऱ्या माणसाने पाहिल्यावाचून त्या खोलीत काडतूस आणू नये, कारण नळीचे तोंड बंद असताना बार उडाला तर नळी फाटते. रिव्हॉल्व्हरच्या माशीला कानस लावू नये. आणि रेंजवर जाण्याची संधी मिळेल त्या दिवशी, आपल्या नेहमीच्या बनावटीच्या पाच काडतुसांनी, २५ मीटरवरच्या कागदावर गट पाडून तो कागद तारखेनिशी परवान्याच्या पुस्तिकेत ठेवावा.